बाजी कायम

आयुष्यात फार थोड्या वेळा माझंच खरं निघालं. त्यातल्या एका वेळेला तर माझंच खरं निघाल्यामुळं लग्न मोडायची पाळी आली. भांडण होतं बुद्धिबळाच्या एका डावावरून. डावही आमचा नव्हे. समुद्रापलीकडं कुठंतरी दोन ग्रँडमास्टर खेळले, बरोबरी करून, हात मिळवून आपापल्या घरी गेले, आणि इकडं उमरग्यात आणि उस्मानाबादेत आम्ही दोघं सहा महिने त्यांच्या नावानं डोकं फोडत बसलो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसला प्रकार. फरक एवढाच की आम्ही रिकामे नव्हतो. मी तर कचेरीच्या वेळात हे करत होतो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी उमरग्याच्या तहसील कचेरीत कारकून होतो, हंगामी. गळू झालं म्हणून डॉक्टरांकडं गेलो तर बाकावर ही गर्दी. डॉक्टरांकडं सोलापूरहून बसनं इंग्रजी पेपर यायचा, एक दिवस शिळा. त्यात रविवारी बुद्धिबळाचा एक डाव छापायचे. मी गळू विसरलो आणि डाव उतरवून घेतला. सगळ्या चाली, आणि शेवटी एकच शब्द, ड्रॉ. का, कशामुळं, काही नाही. पेपरवाल्याची जागा संपली असावी.

डाव सिसिलियन होता. म्हणजे पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं सारलं की काळा त्याच्यासमोर येऊन उभा न राहता बाजूनं, वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं काढतो. समोरून भांडायचं सोडून कुशीत कोपर मारायचं. त्यात हा प्रकार तर लईच जहाल. काळ्याचा वजीर सातव्या-आठव्या चालीलाच एकटा पांढऱ्याच्या घरात शिरतो आणि घोड्यासमोरचं प्यादं खातो. त्या प्याद्याला तिकडं विषारी म्हणतात. पांढरा म्हणतो, खा बाबा, तू जेवेपर्यंत मी तुझं घर लुटतो. ह्या डावात पांढऱ्यानं आधी घोडा दिला, मग उंट दिला, आणि काळ्याचा राजा उघड्यावर आणला. आता मात होणार म्हणून मी श्वास धरून पुढच्या चाली मांडतोय, तर पांढऱ्याचा वजीर नुसता शह, शह, शह देतोय, काळ्याचा राजा दोनच घरांत इकडून तिकडं, तिकडून इकडं. आणि ड्रॉ.

मी तो डाव पोस्टकार्डावर उतरवला आणि उस्मानाबादेला चाचांना धाडला.

चाचा म्हणजे निजामाच्या अमदानीतले कोर्टातले पेशकार. न्यायाधीशासमोर कागद ठेवायचे, तारखा सांभाळायच्या, असं ते काम. सगळी नोकरी उर्दूत झालेली, आणि पेन्शनीच्या आधी दोन-चार वर्षं कचेरी मराठी झाली तसं हे पन्नाशी उलटून गेल्यावर मराठी लिहायला शिकले. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिले सहा महिने उस्मानाबादेत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर देशी पद्धतीचं बुद्धिबळ, आणि रोज मी हरायचो. एक दिवस चुकला नाही. हे मुद्दाम सांगतोय. रोज हरल्यामुळं बरोबरीला चाचांच्या बोलीत काय म्हणतात हे माझ्या कानावर पडायची वेळच आली नाही. पुढचा सगळा गोंधळ एवढ्यावरून झाला.

चाचांचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. अक्षर दाबून काढलेलं, एकेक ओळ तापलेली. "प्यादं पहिल्या दमात दोन घरं चालतं, हे प्यादं हाय का घोडं? ते असो. विलायतेत चालतं म्हणता, चालू द्या. पर दोन उस्ताद बसले, घोडा कटला, उंट कटला, आणि बाजी अर्धी सोडून उठले? शरम? पांढऱ्याचा एक हत्ती अजून कोपऱ्यात झोपलाय. त्याला उठवा. पांढरा जिंकतो."

मी लिहिलं, न्हाय जिंकत. एवढं सोपं असतं तर त्या ग्रँडमास्टरला सुचलं नसतं का? चाचांनी लिहिलं, तुमचा ग्रँडमास्टर भुकेला असेल, जेवायला जायचं असेल.

झालं, पेटलं. पोस्टकार्डावर जागा थोडी, म्हणून आम्ही घरांना नावं दिली. उभ्या ओळी क ख ग घ च छ ज झ, आडव्या एक ते आठ. पांढऱ्याचा वजीर ज६वर शह देतो, काळा राजा च८वरून घ८वर जातो. वजीर ज५वर येऊन शह देतो, राजा परत च८वर. तिसरीकडं गेला तर मात, आणि मध्ये मोहरा घातला तर तो मोहराही जातो आणि राजाही. इथपर्यंत आमचं एकमत. भांडण पुढं. माझं म्हणणं, पांढऱ्याला शह थांबवताच येत नाही. दोन मोहरे देऊन बसलाय, आणि तो हावरा काळा वजीर पांढऱ्या राजाच्या दारातच उभा आहे. एक चाल मोकळी मिळाली की पांढऱ्यालाच मात. हत्ती उठवायला एक चाल लागते. ती कुठून आणायची?

चाचा हटले नाहीत. हत्ती झाला, मग प्यादं सारून पाहिलं, मग उंटाची वाट बदलून पाहिली. मी एकेक कार्ड पाठवून एकेक तोडत गेलो. कचेरीत जमाबंदीच्या कागदाखाली माझा पट असायचा. अव्वल कारकून विचारायचे, "काय हो, एवढं कसलं गणित?" मी म्हणायचो, "तुकडेबंदीचं."

आमचा पोस्टमन कार्ड वाटताना वाचायचा. चोरून नव्हे, मोठ्यानं. त्यानं मला एकदा दारातच गाठलं. "सायेब, वजीर मारला, राजा पळाला, हे काय चाललंय? पोलिस ॲक्शन झाली की आता. अजून कोण राजा पळतोय?" त्याला पट दाखवला तेव्हा कुठं त्याचा जीव खाली पडला. तरी कचेरीत येताना तो ओरडायचाच, "आला बरं का, उस्मानाबादचा वजीर आला!"

आता ह्या डावाबाहेरची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल.

हंगामी माणसाला कायम ह्या शब्दाची जी भूक असते ती दुसऱ्या कुणाला कळायची नाही. दर काही महिन्यांनी हुकूम यायचा, मुदत वाढवली. वाढवली, म्हणजे अजून हाकललं नाही एवढंच. तुळजापुरात नवस बोलणारे निम्मे लोक लेकरासाठी बोलत असतील, निम्मे कायम होण्यासाठी. आणि हा पत्रांचा डाव चालू असताना थंडीत तामलवाडीला मी एक मुलगी पाहिली होती.

ती तिथल्या शाळेत मास्तरीण होती. बघायला मी, माझे मामा आणि आणखी दोघं. मामांची पद्धत जुनी. त्यांनी त्या मास्तरणीला विचारलं, "सैपाक येतो का? चालून दाखव. नाव लिहून दाखव." तिनं पाटीवर खडूनं सरळ नाव लिहिलं, मामांकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं बी लिहू का?" मामा सही करताना अंगठा पुढं करणारे. ते पाण्याचा पेला उचलून प्यायला लागले. माझं तिथंच काम झालं. परतीच्या बसमध्ये मामा म्हणाले, पोरगी आगाऊ हाय. मी म्हणालो, मामा, मला हीच पायजे. एवढं स्पष्ट मी घरात कधी बोललो नव्हतो.

तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणायचे. शेती चांगली, बोलणं मोजकं. त्यांनी एकच अट घातली. "नोकरी कायम झाली की सुपारी फोडू. त्याच्या आधी न्हाय. आणि लई दिवस पोर थांबवून ठिवणार न्हाय. चैत्रापस्तोर बघू." म्हणजे साखरपुड्याची सुपारी फुटायची तर आधी माझा हुकूम निघायला हवा. माझी फाईल उस्मानाबादेला आस्थापना शाखेत पडून होती, आणि माघ निम्मा सरला होता.

चाचांची शेवटची चाल आली ती ह्याच दिवसांत, आणि ती खरंच अवघड होती. शह देता देता मध्येच थांबून पांढऱ्यानं आपला राजाच एक घर बाजूला घ्यायचा. काळ्या वजिराची मात चुकते. मग निवांत हत्ती उठवायचा. खाली लिहिलं होतं, "आता बोला मियाँ."

मी पंधरा दिवस बोललो नाही. बोलणार काय, सापडतच नव्हतं. जेवताना ताटात पोळीचे तुकडे मांडायचो. शेवटी एका दुपारी, तगाईचे अर्ज लावता लावता, सापडलं. पांढऱ्या राजानं बाजूला पाऊल टाकलं की शह द्यायची पाळी काळ्यावर येते. काळा वजीर दुसऱ्या बाजूनं शह देतो, पांढरा राजा परत, पुन्हा शह, पुन्हा परत. आता पांढऱ्याला सुटका नाही. म्हणजे काही करा, इकडून नाहीतर तिकडून, बरोबरीच! मी खुर्चीतून उठून "आरं वा रे वा!" म्हणून ओरडलो. अव्वल कारकुनांना वाटलं, बेरीज जुळली.

लगेच एका कार्डावर सगळं लिहिलं आणि कोपऱ्यात जागा उरली म्हणून बारीक अक्षरात खरडलं, "आस्थापना शाखेत तुमच्या हाताखाली शिकलेले दोघं-तिघं आहेत. माझं काय झालं तेवढं बघाल का?"

सहाव्या दिवशी पोस्टमन कचेरीत शिरला तो नाचतच. "सायेब, कायम झालात! पेढे काढा!" मी कार्ड हिसकावून घेतलं. चाचांचंच दाबलेलं अक्षर. ह्या वेळेला क-ख-ग काही नाही.

"तुमचं कायम. इकडून बी, तिकडून बी तपासून पाह्यलं. आता त्यात कुणी कायच करू शकत न्हाय. मुबारक. तोंड गोड करा."

मी ते कार्ड कपाळाला लावलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. अव्वल कारकुनांनी पाठ थोपटली, तहसीलदार साहेबांनी आत बोलावून चहा पाजला. ऑर्डर येईल मागाहून, सरकारी काम, म्हणाले. मी त्याच दिवशी आप्पांना पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं, येत्या शुक्रवारी सुपारी.

सोमवारी सुट्टी काढली, पेढ्यांचा पुडा घेतला आणि उस्मानाबाद गाठलं. चाचा ओट्यावरच होते. मी वाकलो, पुडा पुढं केला. त्यांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि म्हणाले, "बाजी लई नामी होती मियाँ. मी हरलो. पर खुशीनं हरलो."

म्हटलं, "बाजीचं राहू द्या चाचा. तुमच्यामुळं मी कायम झालो."

चाचा चघळायचे थांबले. "तुम? तुम कब हुए?"

"तुम्हीच लिहिलं की. तुमचं कायम म्हणून."

"तुमचं म्हंजे तुमचं म्हणणं! बाजी कायम! बाजी कायम म्हंजे ना तू जीता ना मैं हारा. तुमच्यात काय म्हणतात ते, बरोबरी! मुबारक तर मी बाजीला बोललो."

माझ्या हातातला पुडा ओट्यावर पडला. मी विचारलं, आणि फाईल? चाचांनी माझं कार्ड आतून आणलं, लांब धरलं, जवळ धरलं. कोपऱ्यातलं ते बारीक अक्षर त्यांना दिसलंच नव्हतं. त्या चष्म्यानं त्यांना पटावरचं दिसायचं, कागदाच्या कडेचं नाही. लगेच उठून ते कचेरीत गेले, तासाभरानं परत आले आणि मान हलवली. फाईल होती तिथंच होती. चैत्रापर्यंत काही हलायची नाही.

मी कपाळावर हात मारून बसलो. उमरग्याची सगळी कचेरी पेढे खाऊन बसलेली. त्याचं काही नाही, लोक चार दिवस हसतील. पण तामलवाडी? गप्प बसून सुपारी फोडून घ्यावी आणि पुढचं पुढं बघावं, असंही एकदा मनात आलं. आलं हे कबूल करतो. पण पाटीवरचं ते सरळ अक्षर डोळ्यांसमोर आलं आणि माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, उद्या जाऊन सांगतो.

"मी बी येतो," चाचा म्हणाले. "लफ्ज माझा व्हता. गवाही माझी."

दुसऱ्या दिवशी तुळजापूरला बस बदलली, देवीच्या यात्रेकरूंमध्ये चेंगरत सोलापूरच्या गाडीत शिरलो आणि तामलवाडीला उतरलो. चाचांनी शेरवानी घातली होती, काखेत पट, खिशात मोहऱ्यांची थैली. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाले, पुराव्याशिवाय कोर्टात जायचं नसतं.

आप्पांनी पाहुणे म्हणून घोंगडी अंथरली. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. नोकरी कायम झालेली नाही, कार्ड डावाचं होतं, चूक माझी. आप्पांचा चेहरा दगडासारखा झाला. "बुद्धिबळाचं कार्ड? मला काय येडा समजता का, पाव्हणं?"

चाचांनी बोलणं ऐकूनच घेतलं नाही. घोंगडीवर पट पसरला, मोहरे मांडले आणि आप्पांना तो सिसिलियन दाखवायला सुरुवात केली. विषारी प्यादं, घोडा, उंट, शह. आप्पा आधी रागानं बघत होते, मग नुसते बघत होते. काळा राजा तिसऱ्यांदा च८वर आला तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही.

"हे तर मोटंच्या बैलावानी झालं. पुढं-मागं, पुढं-मागं."

"हौ!" चाचा खूश झाले. "बराबर!"

"आन इकडचा राजा जरा सरकला तर?"

मी चाचांकडं पाहिलं. पंधरा दिवस ज्या चालीनं माझी झोप उडवली ती ह्या माणसाला एका चिलमीत दिसली होती. चाचांनी काळ्या वजिराचे शह दाखवले, पांढरा राजाही बैल झाला. आप्पांनी मान डोलवली. "म्हंजे कायम. पटलं. कार्ड डावाचंच व्हतं, तुमी खोटं बोलत न्हाई." माझ्या जिवात जीव आला तोच ते उठले. "पर शब्द तो शब्द. नोकरी कायम न्हाय तर सुपारी न्हाय. शुक्रवारचं मी कळवतो लोकास्नी."

सांगायला आलो होतो, सांगून झालं होतं, आता उठून बस धरायची एवढंच उरलं होतं. तेवढ्यात ती चहाचं ताट घेऊन दारात आली. सगळं आतून ऐकलं असणार. ताट खाली ठेवलं आणि आप्पांना म्हणाली, "मी हाय की कायम."

आप्पा म्हणाले, "तू मधी बोलू नगंस."

"मागल्या वर्सी आर्डर आली माझी. तुमीच पेटीत ठिवलीय."

"तुझ्या नोकरीचं कोण इच्यारतंय?"

चाचा एकदम ताठ बसले. शेरवानीची वरची गुंडी लावली आणि कोर्टात बोलावं तसं बोलले, "आप्पासाहेब, शर्त काय होती? लफ्ज न् लफ्ज सांगा."

"नोकरी कायम झाली की सुपारी फोडू."

"कुणाची नोकरी, ते शर्तीत होतं?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, पटाकडंही पाहिलं. मग खाली बसले, चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि एक घोट घेऊन म्हणाले, "शुक्रवारी लवकर या. ऊन लागतंय."

चाचांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की कपातला चहा सांडला. मला हसू येत होतं आणि रडूही. निघताना ती पट गोळा करायला चाचांना मदत करत होती तेव्हा धीर करून मी पहिल्यांदा तिच्याशी बोललो. म्हटलं, "वर्ष झालं तुम्ही कायम होऊन. तुमच्या घरी येऊन गेलो, चार-चार पत्रं झाली. एका शब्दानं सांगितलं का न्हाय?"

तिनं काळा वजीर थैलीत टाकला.

"तुमी इच्यारलं कुठं?"